सिस्टरला विचारा : मेमो आलाय, माफी मागू का?

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची पत्रं जास्त आली. पेशंटच्या बाजूने सिस्टरने किती बोलायचं, आणि बोलल्यावर तिचं काय होतं? म्हणून आहार आणि बाळंतपणाबद्दलचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत. गावं आणि ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला आहे.

प्रश्न : सिस्टर, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय आणि तालुक्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलमध्ये आहे. नाइटला सिझर झालेली एक पेशंट माझ्याकडे होती. दहाला तिचा पल्स ९६ होता, अकराला ११८, साडेअकराला १३२. बीपी ११०/७०. युरिन बॅगेत तासाभरात जेमतेम २० मिली. सरांना फोन केला तर म्हणाले, ‘दुखत असेल, पॅरासिटामॉल दे, बीपी नॉर्मल आहे ना?’ पुन्हा केला तर चिडले, ‘तुला डॉक्टर व्हायचंय का?’ मग मी भूलतज्ज्ञ मॅडमना फोन केला. त्या लगेच आल्या, त्यांनी सरांना बोलावून घेतलं आणि पेशंटला परत ओटीत नेलं. पोटात रक्त साठलं होतं. रक्त चढवलं, बाई वाचली, बाळ घेऊन घरी गेली. आता मला मेमो आलाय, ‘वरिष्ठांना डावलून परस्पर अन्य डॉक्टरांशी संपर्क साधला.’ मॅनेजर म्हणतात, माफीनामा लिहून दे आणि विषय संपव. देऊ का लिहून?
*(एक स्टाफ नर्स, पश्चिम महाराष्ट्र)*

उत्तर : नाही बाळ, माफीनामा द्यायचा नाही. मेमोला उत्तर मात्र द्यायचं, तेही मुदतीत आणि लेखी.

आधी तू काय ओळखलंस ते तुझं तुला नीट कळू दे, कारण उत्तराचा सगळा जोर त्यावर आहे. तरुण बाईच्या पोटात रक्तस्राव सुरू झाला की शरीर बराच वेळ बीपी धरून ठेवतं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात धावतं आणि बीपीच्या यंत्रावर आकडा छान दिसत राहतो. बीपी कोसळतं तेव्हा पुष्कळ रक्त गेलेलं असतं. आधी वाढतो तो पल्स, आणि घटते ती लघवी. पल्सला वरच्या बीपीने भागून बघ. बाळंतपणानंतर उत्तर ०.९ च्या वर गेलं की सावध व्हायचं असतं. तुझ्या पेशंटचं ते १.२ होतं. ‘बीपी नॉर्मल आहे ना’ या प्रश्नाचं उत्तर त्या बाईच्या बॅगेतल्या २० मिली लघवीत होतं, आणि ते तू वाचलंस. यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही. नर्सिंग शिकावं लागतं, आणि ते तू शिकली आहेस.

आता उत्तर कसं लिहायचं ते सांगते. त्यात सरांवर एक शब्दही नको. ‘निष्काळजीपणा’, ‘दुर्लक्ष’, ‘उद्धट बोलले’ असलं काही नको. फक्त वेळा आणि आकडे दे. अशा धर्तीवर लिही : ‘दि. अमुक रोजी रात्री बेड क्र. अमुकवरील रुग्णाचा पल्स १०.०० वाजता ९६, ११.०० वाजता ११८, ११.३० वाजता १३२ होता. लघवी तासाला २० मिली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अमुक आणि अमुक वाजता, असे दोनदा फोनवर कळवले. मिळालेल्या सूचनेप्रमाणे औषध दिले. प्रकृतीत फरक न पडल्याने याच शस्त्रक्रियेच्या भूलतज्ज्ञांना कळवले.’ ‘याच शस्त्रक्रियेच्या’ हे शब्द विसरू नकोस. ज्यांनी त्या बाईला काही तासांपूर्वी भूल दिली, त्या बाहेरच्या कशा? शेवटी एक विनंती जोड : ‘रात्री संबंधित डॉक्टर येऊ शकत नसतील तर कोणाला कळवावे, याची लेखी सूचना सर्व स्टाफला मिळावी.’ त्यामुळे तुझं उत्तर बचावापुरतं राहत नाही. पुढच्या पेशंटची सोयही त्यात होते.

मेमोची आणि उत्तराची प्रत घरी ठेव, उत्तरावर पोच घे. केसपेपरचे फोटो मात्र मोबाइलमध्ये काढू नकोस आणि ग्रुपवर तर मुळीच टाकू नकोस. ती त्या बाईची खासगी गोष्ट आहे, आणि तसं केलंस तर मेमोला खरंच कारण मिळेल. त्या रात्रीच्या नर्सेस नोट्समध्ये एखादी वेळ राहिली असेल तर आता ओळींच्या मध्ये घुसडू नकोस. आजची तारीख टाकून ‘उशिरा केलेली नोंद’ म्हणून वेगळी लिही. मागाहून कोंबलेली एक ओळ सगळ्या खऱ्या ओळींना खोटं पाडते. हे मी चौकश्यांमध्ये बसून पाहिलंय.

पुढच्या वेळेसाठी फोनवर बोलायची एक पद्धत सांगते. आपल्यातल्या बऱ्याच मुली ‘सर, पेशंट जरा बरी वाटत नाहीये’ अशी सुरुवात करतात. झोपेतून उठलेल्या माणसाला त्यातून काही कळत नाही. सरळ असं म्हणायचं : ‘सर, तीन नंबरची, आजच्या सिझरची. पल्स ९६ वरून १३२ झालाय, लघवी तासाला २०, पोट ताणल्यासारखं लागतंय. मला आतून ब्लीडिंगची शंका आहे. तुम्ही येऊन बघायला हवं. किती वाजता येताय, तेवढं सांगा, मी नोंद करतेय.’ शेवटचं वाक्य धमकीच्या सुरात नको, रोजच्या सुरात म्हण. कोण आहे, काय झालंय, तुला काय वाटतं, त्यांनी काय करायला हवं, एवढं सगळं अर्ध्या मिनिटात सांगून होतं.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ‘मी एकटीच शहाणी ठरले का’ असा सूर तुझ्या पत्रात मला ऐकू आला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात बंडाबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयात २००३ साली जयंत पटेल नावाचे सर्जन रुजू झाले. मूळचे गुजरातचे, अमेरिकेतून आलेले. ते लवकरच शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. टोनी हॉफमन ही तिथल्या आयसीयूची इन्चार्ज सिस्टर. अन्ननलिकेच्या फार मोठ्या शस्त्रक्रिया तिथे होत होत्या, आणि त्यानंतरचे पेशंट सांभाळण्याएवढं तिचं आयसीयू नव्हतं. पेशंट बिघडत होते, त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवायला उशीर होत होता. तिने २००३ पासूनच वरिष्ठांना सांगायला सुरुवात केली. तुमचं आणि डॉक्टरांचं पटत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. ती लिहीत राहिली. तिच्याबरोबरच्या सिस्टर्सही नोंदी ठेवत राहिल्या. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये तिने सविस्तर पत्र दिलं. तरीही काही हललं नाही, तेव्हा ती तिथल्या आमदाराकडे गेली आणि मार्च २००५ मध्ये विषय विधिमंडळात आला. मग एका पत्रकाराने इंटरनेटवर शोधलं, तर अमेरिकेत ऑरेगन राज्याने २००० सालीच या डॉक्टरांच्या काही शस्त्रक्रियांवर बंधनं घातली होती. नेमणूक करताना हे कोणी धड तपासलं नव्हतं. चौकशी आयोग बसला. पुढे २०१० साली पटेल यांना सदोष मनुष्यवधाची शिक्षाही झाली. ती २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि शेवटी खोटी माहिती देऊन नोकरी मिळवल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला. कोर्टातला निकाल असा वळणावळणाने गेला. पण बंडाबर्गच्या रुग्णालयात जे चाललं होतं ते थांबलं, आणि ते एका इन्चार्ज सिस्टरने लिहून ठेवलेल्या कागदांमुळे थांबलं. तिला २००६ साली ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलियाचा सन्मान मिळाला.

तिला दोन वर्षं कोणी ऐकलं नाही, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुझं तर भूलतज्ज्ञ मॅडमनी पहिल्या फोनला ऐकलं. त्या मॅडमना जाऊन भेट, आणि घडलं ते त्यांनीही दोन ओळींत लिहून द्यावं अशी विनंती कर. मला वाटतं, त्या देतील.

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मी तिला सांगते, डॉक्टर सांगतील तेवढं करायचं, बाकी तोंड बंद. आपण साधी माणसं, नोकरी गेली तर? माझं चुकतं का?
*(एक आई, लातूर)*

उत्तर : ताई, तुमची काळजी मला पूर्ण कळते. लेकीच्या फीसाठी तुम्ही काय काय केलं असेल याचाही अंदाज आहे. पण ‘सांगतील तेवढं करायचं’ हे तिला शिकवू नका, कारण त्यानेच ती अडचणीत येईल.

उदाहरण देते. पोटॅशियम क्लोराइड म्हणजे केसीएल. १० मिलीची छोटीशी बाटली असते. सलाइनमध्ये घालून तासनतास हळूहळू दिलं तर औषध, आणि तसंच शिरेत सोडलं तर हृदय बंद. गर्दीच्या वॉर्डात कोणी घाईत म्हणून जातं, ‘एक केसीएल दे.’ तेव्हा ‘किती सलाइनमध्ये, किती वेळात, आणि सर, ऑर्डर लिहून देता का?’ हे विचारणारी मुलगी पेशंटला वाचवते, स्वतःला वाचवते आणि त्या डॉक्टरलाही वाचवते. मुकाट्याने देणारी तिघांनाही बुडवते. इंजेक्शन देणारा हात तिचा असतो. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं, एवढ्यावर तिची सुटका होत नाही.

दीपप्रज्वलनाच्या समारंभात तुमची लेक हातात दिवा घेऊन फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शपथ घेईल. ती शपथ १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये तयार झाली. अपायकारक औषध जाणूनबुजून देणार नाही, असं तीत स्पष्ट आहे. त्या दिवशी तुम्ही समोर बसलेल्या असाल, तेव्हा ते नीट ऐका.

नोकरीचं म्हणाल, तर जाऊ शकते. खोटा धीर देत नाही. टेक्सासमध्ये कर्मिट नावाच्या लहान गावात दोन अनुभवी सिस्टर्सनी २००९ साली एका डॉक्टरच्या उपचारांबद्दल राज्याच्या मेडिकल बोर्डाला निनावी पत्र लिहिलं. गावचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, त्या डॉक्टरचा मित्र. त्याने पत्र कोणी लिहिलं ते शोधून काढलं आणि दोघींवर फौजदारी गुन्हा लागला. नोकऱ्या गेल्या. एकीवरचा खटला आधीच मागे घेतला गेला. दुसरीला २०१० च्या फेब्रुवारीत ज्युरीने तासाभराच्या आत निर्दोष ठरवलं. पुढे दोघींना मिळून साडेसात लाख डॉलरची भरपाई मिळाली आणि शेरीफला तुरुंगात जावं लागलं. या सगळ्यात त्यांच्या पाठीशी राज्याची नर्सेस संघटना उभी राहिली, कोर्टाच्या खर्चासाठी देशभरातल्या नर्सेसनी पैसे पाठवले. आपल्याकडे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९०८ पासून आहे. लेकीला विद्यार्थी असतानाच संघटनेच्या कामात जाऊ द्या. ‘तोंड बंद ठेव’ याऐवजी ‘एकटी बोलू नकोस, आणि लिहून बोल’ असं सांगा.

प्रश्न : मी कॅन्सर वॉर्डात ब्रदर आहे. एका आजोबांच्या मुलांनी बजावलंय, ‘बाबांना काही सांगू नका, गाठ आहे एवढंच म्हणा.’ परवा पहाटे सलाइन बदलताना आजोबांनी माझा हात धरला. ‘ब्रदर, खरं सांग, मला कॅन्सर आहे ना?’ मी ‘डॉक्टर सांगतील’ म्हणून सुटलो. तेव्हापासून त्यांच्याकडे बघवत नाही.
*(पुणे)*

उत्तर : निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम, त्यामुळे पहाटे त्या खाटेपाशी उभं राहून तू एकट्याने ते सांगायला नको होतंस, हे बरोबर. पण खोटंही बोलायचं नाही. ‘नाही हो आजोबा, साधी गाठ आहे’ हे तू म्हणाला नाहीस, ते चांगलं केलंस.

आता पुढचं. आज ड्यूटीवर गेलास की त्यांच्याजवळ स्टूल ओढून बस. ‘आजोबा, तुम्ही परवा विचारलंत. तुम्हाला काय वाटतंय? सगळं जाणून घ्यायचंय, की मुलांनी बघावं असं वाटतं?’ काही माणसांना खरंच जाणून घ्यायचं नसतं, तोही त्यांचा हक्क. पण कोणाला काय हवं ते ज्याचं त्याने सांगायचं. ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत नोट्समध्ये लिही आणि सकाळच्या राउंडला डॉक्टरांना दाखव. मुलांनाही एकदा बाजूला घेऊन सांग, ‘बाबांनी विचारलंय. त्यांना अंदाज आहे. ते रात्री एकटे जागे असतात.’ माझा अनुभव असा की ‘सांगायलाच हवं’ म्हटलं की मुलं अडतात, आणि ‘बाबा रात्री जागे असतात’ म्हटलं की मुलं रडतात आणि तयार होतात.

आजोबांच्या केमोच्या संमतिपत्रावर सही कोणाची आहे तेही बघ. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची संमती त्याची स्वतःची लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात हे अगदी स्पष्ट केलंय. तिथे तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईची गर्भपिशवी तिच्या आईच्या संमतीवर काढली होती. ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. ‘मुलाने सही केलीय’ यावर आपल्या वॉर्डांमध्ये फार भागवलं जातं.

प्रश्न : केईएमच्या परिचारिकांनी अरुणा शानबाग यांना ४० वर्षांहून अधिक काळ सांभाळलं, याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांना जगवायचं की जाऊ द्यायचं, हे ठरवण्याचा अधिकार परिचारिकांना कसा? मी ७८ वर्षांचा आहे, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो.
*(निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)*

उत्तर : गुरुजी, हा प्रश्न मीही स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

अरुणाताई केईएममध्येच परिचारिका होत्या. त्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच एका सफाई कामगाराने हल्ला केला, आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी त्याला बोल लावले होते, असं सांगतात. म्हणजे पहिली बोलणारी सिस्टर त्याच होत्या. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी अरुणाताईंना दुसरीकडे हलवायचा विचार पालिकेत झाला तेव्हा परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या. ज्या मुलींनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलं नाही, त्या नोकरीला लागल्यावर आधीच्या सिस्टरकडून हे काम शिकल्या. त्यांना काय खायला आवडतं, कुठला आवाज सहन होत नाही, कूस कशी बदलायची, हे सगळं एकीकडून दुसरीकडे गेलं. इतकी वर्षं अंथरुणावर असलेल्या व्यक्तीला बेडसोअर होऊ न देणं म्हणजे काय, हे ज्याने घरचं आजारपण काढलंय त्याला विचारा.

पत्रकार पिंकी विराणी यांनी दयामरणासाठी अर्ज केला, त्यामागेही कळवळाच होता. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच अरुणाताईंचं जवळचं माणूस मानलं, आणि त्याच निकालाने कडक अटींवर उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा उघडली. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्या गेल्या.

माझं मत विचाराल तर मी केईएमच्या बाजूची आहे. पेशंटची बाजू घेणं म्हणजे आपली इच्छा तिच्या तोंडी घालणं नव्हे, हे मान्य. पण अरुणाताईंची इच्छा काय होती हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मग रोज जिच्या हातून त्यांच्या तोंडात घास जात होता, तिला त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं, त्याला वजन द्यायला नको का?

तुमच्या बाबतीत मात्र अंदाज करायची वेळ कोणावर येऊ नये, आणि ते तुमच्या हातात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. कोणते उपचार नकोत आणि तुमच्या वतीने कोणी बोलायचं, ते त्यात लिहा. मुलांना वाचून दाखवा आणि एक प्रत तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या.

प्रश्न : सासूबाई ॲडमिट होत्या. एक सिस्टर आमच्या बाजूने डॉक्टरांशी खूप भांडली. तिच्यासाठी आम्ही काय करू शकतो? पैसे दिले तर तिने घेतले नाहीत.
*(ठाणे)*

उत्तर : बरं झालं घेतले नाहीत. तिच्या नावाने, तारखेसह, तिने काय केलं ते लिहून एक पत्र मेट्रन आणि अधीक्षकांना द्या. तक्रारीची पत्रं ढिगाने येतात, अशी क्वचित येतात, आणि ती तिच्या फाइलला लागतात. उद्या तिला वरच्या पत्रातल्या मुलीसारखा मेमो आला तर तुमचं पत्र तिच्या कामाला येईल. सासूबाईंचे केसपेपरही मागून घ्या. लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत ते द्यावेत असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. दोन्ही पत्रांवर पोच घ्या.